नणंदेचा फोन

सोमवार, ३ फेब्रुवारी

वकीलबाई म्हणाली, रोज काय घडतं ते लिहीत जा, सुनावणीत तारखा विचारल्या की इकडे तिकडे बघत बसू नका. म्हणून लिहायला घेतलं. पण पहिल्याच पानावर कंपनीला ज्या शेलक्या शिव्या घातल्या त्या वाचून ठरवलं, ही वही तिला दाखवायची नाही. ते पान फाडलं. तारखा तोंडी सांगेन.

ऑर्डर पडेपर्यंत आम्ही गोदामाबाहेरच्या पत्र्याखाली ताटकळत असतो. स्कूटरच्या सीटवर वही ठेवून लिहितेय. लंबू आत्ताच विचारून गेला, "काकू, मृत्युपत्र करताय का?" हा आमचा पुढारी. स्कूटरवर बसला की गुडघे हँडलला लागतात, पण डोकं शाबूत आहे. काकू म्हणू नकोस असं शंभरदा सांगितलं, ऐकत नाही.

युनियनचा अर्ज दिलाय. कंपनीने हरकत घेतलीय. त्यांचं म्हणणं, हे रायडर आमचे कामगार नाहीतच, हे पार्टनर आहेत, आपापल्या मर्जीचे मालक. मालकांची कसली युनियन. आता कामगार खात्याचे अधिकारी ठरवणार की आम्ही कोण. मी मालकीण आहे हे ऐकून मला हसू आलं. काल ही मालकीण गादीचं पार्सल खांद्यावर घेऊन जिने चढली, आणि वाटेत कुठे जायची सोय नाही म्हणून दिवसभर तिने पाण्याचा घोट घेतला नाही.

मागण्या बऱ्याच आहेत, पण मुख्य एकच. विचारल्याशिवाय फोन बंद करू नका. आमच्यात नोकरी गेली असं कोणी म्हणत नाही, फोन बंद झाला म्हणतात. सकाळी ॲप उघडायला जावं तर ते उघडतच नाही. का, ते सांगायला माणूस नाही. भांडायचं तरी कोणाशी?

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

नणंद सुटली एकदाची. मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पोरीच्या डोक्यावर इतके केस की नर्सने कंगवा मागितला.

नणंद म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, आमच्याच गल्लीत राहते. तिचा नवरा बाहेरगावी बांधकामावर असतो, कधीमधी तोंड दाखवतो. तिला या कामाला मीच लावलं, त्यामुळे तिचं बरंवाईट झालं की खापर माझ्याच डोक्यावर.

तर तिचा फोन. काही दिवस फेरी झाली नाही की कंपनी आयडी झोपवते. मग पुन्हा नवख्यासारखं लांबच्या वस्त्यांपासून सुरू करा. म्हणून आमच्याकडे एक रीत पडलीय. कोणी आजारी पडलं, कोणाचा हात मोडला, कोणी बाळंत झालं, की त्याचा फोन बाकीच्यांनी जागता ठेवायचा. आपल्या फेऱ्या करता करता मधेच त्याच्या फोनवरच्या दोन उचलायच्या. कमाई त्याची. कोणी ठरवून सुरू केलं नाही, पडलं अंगवळणी. नणंदेचा फोन आम्ही तिला सातवा लागल्यापासून जागता ठेवतोय.

अडचण एवढीच की सकाळी ॲप चेहरा मागतं. आज दवाखान्यात पलंगाशी फोन धरला तर म्हणतं, चेहरा नीट दिसत नाही, उजेडात या. बिचारी कळा सोसून सुजलेली, केस पिंजारलेले. म्हणाली, "वहिनी, हसू का?" मी म्हटलं, "हस, पण पार्टनरसारखी हस." ती हसली, टाके ओढले गेले, आणि मला नाही नाही ते बोलली. पण ॲपने घेतलं बाई एकदाचं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

गोदामाच्या साहेबांनी आत बोलावून चहा दिला. बशीसकट. लंबू आणि बाकीचे साहेबांना गोडबोल्या म्हणतात, पण मला विचाराल तर माणूस वाईट नाही, वरचे वाईट. एवढ्या धबडग्यात त्यांनी नणंदेची चौकशी केली. बाळ कसं आहे, आई कशी आहे, मग फोन कोण चालवतं. मी सगळं नीट सांगितलं. ते अगदी मन लावून ऐकत होते. "म्हणजे कोणीही चालवू शकतं?" असं दोनदा विचारलं. मी म्हटलं, कोणीही, ज्याला वेळ असेल तो. "वा, तुम्ही लोक म्हणजे एक कुटुंबच," म्हणाले. असं बोलणारा साहेब मिळायला नशीब लागतं.

घरी ह्यांना सांगितलं. हे मशीनवर मान खाली घालून शिवत होते. नुसतं हूं केलं. शिंप्याशी लग्न केलं तेव्हा वाटलं होतं, घरात गिऱ्हाईकं येतील, गप्पा होतील. गप्पा मी एकटीच मारते. शिवाय हल्ली दुपारी कुठेतरी उलथतात. विचारलं की म्हणतात, दोरा आणायला. रोज एवढा दोरा कशाला लागतो देव जाणे. युनियनचं खूळ त्यांना पसंत नसावं, पण तोंडाने बोलतील तर शपथ.

नणंदेकडे जाऊन आले. तिची शेजारीण चांगली दिसते. भांडी घासलेली, पाणी भरलेलं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज माझी साक्ष झाली, आणि मी म्हणते झकास झाली.

सरकारी कचेरीतली लांबडी खोली, एक खिडकी उघडत नाही, दुसरी मिटत नाही. अधिकारी वयस्कर, नाक चोंदलेलं, रुमाल टेबलावरच. मागच्या बाकांवर आमचे रायडर दाटीवाटीने बसले होते. आधी वकीलबाईने विचारलं. रस्ता कोण ठरवतं, दर कोण ठरवतं, पाठीवरची पेटी कोणाची, ऑर्डर नाकारली तर काय होतं. मी फटाफट सांगितलं. कंपनी, कंपनी, कंपनी, आणि नाकारली तर दिवसभर बसा माश्या मारत. अधिकारी मान डोलवत होते.

मग कंपनीचा टायवाला वकील उठला. मी बाह्या सरसावूनच होते. पण हा बाबा अगदी मऊ. म्हणाला, "बाई, मी ऐकलंय तुम्ही लोक एकमेकांना फार धरून असता. कोणी अडचणीत असेल तर काय करता?" त्याला हे कुठून सुचलं कोण जाणे, पण विषय माझ्या आवडीचा निघाला. मी नणंदेची सगळी हकिगत सांगितली, चेहऱ्याची गंमतसुद्धा. टायपिस्टबाई हसली. तो म्हणाला, "म्हणजे तिच्या जागी कोणीही जाऊ शकतं?" म्हटलं, "कोणीही." "कंपनीला विचारावं लागत नाही?" म्हटलं, "चांगल्या कामाला कसली आलीय परवानगी." मागे सगळ्यांनी बाकं वाजवली. तो म्हणाला, धन्यवाद, मला आणखी काही विचारायचं नाही. आणि बसला. एवढा मोठा वकील, पण माझ्यापुढे बोलती बंद.

वकीलबाई मात्र पांढरी पडली होती. सकाळपासून पोटात काही नसेल. तिला बिस्किटांचा पुडा दिला. तिने हातात धरला, फोडला नाही.

बुधवार, १९ फेब्रुवारी

मी गाढव आहे.

वकीलबाईने मला आणि लंबूला बोलावून समजावलं. रागावली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, कायद्याच्या नजरेत कामगार तो, ज्याला स्वतः कामावर यावं लागतं. जो आपल्या जागी कोणालाही पाठवू शकतो, तो नोकर नाही, त्याचा तो धंदा. कंपनीच्या करारात तेच लिहून ठेवलंय, पार्टनर आपल्या जागी दुसरी व्यक्ती पाठवू शकतो. आजवर ते नुसतं कागदावर होतं. काल आमच्याच साक्षीदाराने ते खरं असल्याचं सांगितलं, वर बाकीच्यांनी बाकं वाजवली.

"चूक माझी," ती म्हणाली. "तुम्ही असं करता हे मला माहीतच नव्हतं. मी विचारायला हवं होतं." मी म्हटलं, चूक तुझी कशी, तोंड माझं होतं. लंबू खिडकीबाहेर बघत होता. शेवटी म्हणाला, "काकू, आपण वाईट काही केलं नाही ना?" मी म्हटलं, नाही. "मग ते वाईट कसं झालं?"

आता पुढच्या तारखेला युनियनचा अर्ज फेटाळला तर जे जे पुढे आले त्यांचे फोन एकेक करून बंद होणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मला जेवण गेलं नाही. ह्यांनी ताटाकडे पाहिलं आणि झाकून ठेवलं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

नणंदेचा फोन बंद झाला.

सकाळी नेहमीसारखी चेहरा घ्यायला गेले. ॲप उघडलंच नाही. खाली ओळ: आपला आयडी दुसऱ्या व्यक्तीने वापरल्याचे आढळल्यामुळे तो कायमचा बंद करण्यात आला आहे. कुठे आढळलं? माझ्या तोंडून आढळलं.

ती बाळाला पाजत होती. वाचून म्हणाली, "तुझ्या जिभेला हाड आहे का गं वहिनी?" एवढंच. मग बाळाची कूस बदलली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं. मी सांगायला गेले, मला वाटलं होतं, तर म्हणाली, "तुला नेहमीच काहीतरी वाटतं." मी तशीच उठून आले आणि रस्त्यात रडले. लाज नाही वाटली.

वकीलबाईला कळवलं. ती म्हणाली, ती ओळ पुन्हा वाचा. वाचली. पुन्हा वाचा. पुन्हा वाचली. आणि ही बाई हसायला लागली. मी म्हटलं, हसायचं असेल तर मी ठेवते, इथे बाळंतीण कामावरून गेलीय. ती म्हणाली, "थांबा हो. करारात म्हणतात कोणालाही पाठवा. आणि पाठवलं म्हणून काढून टाकतात. कचेरीत एक बोलले आणि गोदामात दुसरंच करून बसले. दोन्ही खरं कसं असेल?" तिचं म्हणणं, त्यांच्या वकिलाने गोदामाला सांगितलं नसणार, की ही बाई आपल्या उपयोगाची आहे, तिला हात लावू नका.

माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मग वाईट वाटलं, की पडलेल्या उजेडाखाली नणंदच बसलीय.

सोमवार, २४ फेब्रुवारी

साहेब घरी आले. बाळासाठी खुळखुळा, फळांची करंडी. नणंद आमच्याकडेच होती. ह्यांच्या कापडांच्या ढिगाशेजारी बसून साहेब म्हणाले, फार वाईट झालं, यंत्राने परस्पर बंद केला, यंत्राला काय कळतंय बाळंतीण आणि काय. उद्याच चालू करून देतो. ताईंनी फक्त एवढी सही करायची, की फोन मधे बिघाडामुळे बंद होता, कोणी काढून टाकलं नव्हतं. जुनं रेटिंग, जवळच्या वस्त्या, सगळं होतं तसं.

नणंद म्हणाली, विचार करून सांगते. साहेब गेले.

मी लगेच म्हटलं, कर सही. खरंच म्हटलं, आणि मनापासून. युनियन गेली खड्ड्यात. माझ्यामुळे गेलेलं तिला परत मिळतंय, मला दुसरं काही नको होतं. लंबूचं तोंड आठवलं, वकीलबाई आठवली, तरी म्हटलं, कर.

नणंद म्हणाली, "वहिनी, तू मला या कामाला लावताना विचारलंस?" म्हटलं, नाही. "साक्षीत माझं सगळं सांगताना विचारलंस?" नाही. "आता सही कर म्हणतेस, तेही सांगतेच आहेस. त्या कंपनीत आणि तुझ्यात फरक काय?" मग ती जरा निवळली. म्हणाली, "उद्या चालू करतील, परवा दुसरं निमित्त काढतील. तेव्हाही आधी कोणी विचारणार नाही. आजवर मला कोणी विचारलेलंच नाही गं. एकदा कोणीतरी समोर बसवून विचारू दे, बाई, काय झालं होतं? मग काढा हवं तर."

"पण तोवर खाणार काय?" मी म्हटलं.

तेव्हा ह्यांनी मशीन थांबवलं. "मी आहे ना. जातोच आहे की मी रोज तिच्याकडे," म्हणाले, आणि पुन्हा शिवायला लागले. दोरा आणायला जाताना डोकावत असतील वाटेत. त्यांच्या बोलण्याचं एवढं आश्चर्य वाटलं की पुढे काय म्हणायचं होतं ते मी विसरले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

नणंदेने साहेबांना फोनवर सांगितलं, सही करणार नाही. साहेबांचा आवाज मला लांबून ऐकू येत होता, गोडवा संपत चालला होता. शेवटी म्हणाले, पस्तावाल. ती म्हणाली, "बघू," आणि बाळाचं दुपटं बदलायला घेतलं.

मला वाटलं होतं पोरगी माझ्या जिवावर उभी आहे. मीच तिच्यामागे उभी राहायला हवी, तोंड मिटून. तोंड मिटायला मला कष्ट पडतात, पण पडू देत.

पत्र्याखाली सगळ्यांना कळलं. लंबूने भाषण वगैरे केलं नाही. म्हणाला, "तारखेला सगळे येणार. फेऱ्या बुडल्या तर बुडल्या." जे अर्जाच्या वेळी मागे सरले होते तेही हो म्हणाले. एकाने तर आपणहून स्कूटर धुतली, कचेरीत जायचं म्हणून.

गुरुवार, ६ मार्च

सुनावणी.

नणंद साक्षीला उभी राहिली. बाळ तिने माझ्याकडे दिलं, म्हणजे मला गप्प बसणं भागच होतं. अधिकाऱ्यांची सर्दी अजून तशीच. त्यांनी वकिलांना थांबवून स्वतःच विचारलं, "बाई, तुमचा आयडी बंद करण्याआधी कंपनीने तुम्हाला काही विचारलं होतं?"

ती म्हणाली, "नाही साहेब. तुम्हीच पहिले."

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून पुसला. मग टायवाल्याकडे वळले. "मागच्या तारखेला तुमचं म्हणणं होतं, रायडर आपल्या जागी कोणालाही पाठवू शकतो. आहे ना मुभा?"

"आहे साहेब. करारातच आहे."

"मग या बाईंना कशासाठी काढलं?"

टायवाल्याने कागद चाळले. म्हणाला, ती गोदामाच्या पातळीवरची बाब आहे, मला माहिती घेण्यासाठी पुढची तारीख मिळावी. अधिकारी म्हणाले, "फोन आहे ना तुमच्याकडे? बाहेर जाऊन विचारून या. मी कुठे जात नाही." तो व्हरांड्यात गेला. न मिटणाऱ्या खिडकीतून आम्हाला तो दिसत होता, एका हाताने टाय सैल करत होता, दुसऱ्या हाताने फोन कानाला. मुभा आहे म्हणावं तर नणंदेला का काढलं, आणि मुभा नाही म्हणावं तर आम्ही नोकर. आमच्यापैकी कोणी हसलं नाही. मी तर बाळाला थोपटत होते.

तो परत आला. म्हणाला, "परवानगी नाही साहेब. आयडी ज्याचा, काम त्यानेच करायचं. सुरक्षेसाठी तसा सक्त नियम आहे."

अधिकारी टायपिस्टबाईला म्हणाले, "लिहा. काम रायडरने स्वतःच करणे बंधनकारक आहे आणि त्याने तसे न केल्यास कंपनी त्यास काढून टाकते." टायवाला घाईघाईने म्हणाला, बंधनकारक असं मी म्हटलं नाही. अधिकारी म्हणाले, "मग मुभा आहे?" तो खाली बसला. टायपिस्टबाईची बोटं चालू लागली. वकीलबाईने पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला आणि खायला सुरुवात केली.

मंगळवार, १८ मार्च

निकाल लागला. आम्ही कामगार. युनियनचा अर्ज दाखल करून घ्यायचा. आणि कामगाराला न विचारता काढता येत नाही, म्हणून नणंदेचा आयडी पुन्हा सुरू करायचा. कंपनीला तक्रार असेल तर तिने रीतसर नोटीस देऊन खुलासा मागवावा. लंबूला आनंदाने काय करावं सुचेना, तो पत्र्याला डोकं आपटून बसला. कंपनी वर दाद मागणार आहे म्हणे. मागू दे. आम्ही काही कुठे जात नाही.

साहेब आज माझ्याशी बोलले नाहीत. का कोण जाणे, मी तर त्यांच्याबद्दल कुठेच वाईट बोलले नव्हते.

सोमवार, २४ मार्च

नणंदेला नोटीस आली. कंपनीचा शिक्का, खाली सही, सही करणाऱ्याचा हुद्दा. आजवर आमच्यापैकी कोणाला कंपनीकडून असा कागद आला नव्हता. लिहिलंय, आपण रजेची पूर्वसूचना न देता आपल्या जागी इतर व्यक्तींना कामावर पाठविले, हे खरे आहे काय? असल्यास सात दिवसांत लेखी खुलासा करावा.

तिने तो कागद आधी मला, मग ह्यांना, मग झोपलेल्या बाळाला दाखवला. "मला विचारलंय," म्हणाली. लोक नोटीस आली की रडतात, ही ओट्याशी उभी राहून हसत होती. मी म्हटलं, वकीलबाईकडून नीट लिहून घेऊ, नाहीतर मी सांगते तसं लिही. तिने माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसले.

मग मांडीवर पाट घेऊन तिने स्वतःच लिहिलं, एकेक अक्षर काढून, आणि शेवटी मला वाचायला दिलं.

हे खरं आहे. तेव्हा मी बाळंत होत होते. मला रजा मागायची होती, पण ती कोणाकडे मागायची हे मला आजच कळलं. पुढच्या वेळी तुमच्याकडे मागेन.